गजकर्णावर दही चोळून काय होतं?

"दह्यात चांगले जंतू असतात, चोळलं की गजकर्ण जातं," हे आमच्या यवतमाळकडे घरोघरी ऐकू येतं. पहिला भाग खरा. पण दह्यातले लॅक्टोबॅसिलस दुधात वाढणारे. कोरड्या कातडीवर त्यांचा निभाव लागत नाही. आणि गजकर्ण बुरशीचं. कापूस वेचताना घामानं भिजलेल्या नाडीखाली त्याची लाल, खाजणारी कडा गोल पसरत जाते. दह्यानं घटकाभर थंड वाटतं, बुरशी तिथंच राहते. त्वचेचे राखणदार जंतू वेगळेच, उदाहरणार्थ स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. त्यांच्या मलमांवर संशोधन चालू आहे, पण ते निवडून वाढवलेले वाण, विरजणातले नव्हेत. चट्टा आरोग्य केंद्रात दाखवा. स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मनानं आणू नका. तिनं चट्टा आधी दबतो, मग जोमानं पसरतो.