मारल्याचे गुण, बोलल्याचे गुण

आरपीजीत, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या 'रोल-प्लेइंग गेम'मध्ये, लढाई महत्त्वाची की गोष्ट, यावर भांडणारे सहसा आवडीनिवडीचं बोलतात. एकाला संवाद वाचायचा कंटाळा, दुसऱ्याला शंभरावा सांगाडा फोडायचा कंटाळा. मला मात्र हे भांडण हिशोबाचं वाटतं. गेम तुम्हाला अनुभवाचे गुण, म्हणजे एक्सपी, कशाबद्दल देतो? तो धागा धरून मागे गेलं की भांडणाचं मूळ हाताला लागतं, आणि ते कॉम्प्युटरच्याही आधीचं निघतं.

एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या सरावासाठी 'क्रीगश्पील' नावाचा खेळ चाले. नकाशा, सोंगट्या, फासे आणि निकाल देणारा एक पंच. पुढे असे युद्धखेळ हौशी लोकांच्या घरात शिरले. अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉल भागात अशाच एका टोळक्यात डेव्ह वेसली होता. १९६९ मध्ये त्याने नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन हे काल्पनिक गाव मांडलं. गावाबाहेर सैन्यं होतीच, पण या वेळी त्याने काही जणांना सैन्याऐवजी माणसं वाटली. कुणी महापौर, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. कल्पना अशी, की आधी थोडी बोलाचाली होईल आणि मग लढाई जुंपेल.

लढाई जुंपलीच नाही. लोक टेबल सोडून कोपऱ्यात जाऊन कट करायला लागले. दोघं जण वेसलीकडे येऊन म्हणाले, आम्ही एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलंय, आता काय करायचं? द्वंद्वाचे नियम त्याच्याकडे नव्हतेच. त्याने जागच्या जागी काहीतरी जुळवलं आणि फासे टाकले. खेळ पार फसला असं समजून वेसली हिरमुसला, आणि खेळणारे विचारायला लागले, पुढचा कधी?

त्या मंडळींमधलाच डेव्ह आर्नेसन. त्याने १९७१ च्या सुमारास 'ब्लॅकमूर' नावाची स्वतःची दुनिया चालवायला घेतली. त्याच साली विस्कॉन्सिनमधल्या गॅरी गायगॅक्सने जेफ पेरनबरोबर 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक काढलं होतं. आर्नेसन आणि गायगॅक्स एकत्र आले आणि १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाहेर पडलं. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई १,००० प्रतींची. मुखपृष्ठावर ओळख होती ती युद्धखेळाचे नियम अशीच. 'रोल-प्लेइंग' हा शब्द तिथे नव्हता.

त्या पुस्तिकांमध्ये नियम होते ते मुख्यतः मारामारीचे आणि जादूचे. कोणत्या चिलखतावर किती पडले की वार लागतो, जीव किती, मंत्र कोणते. गावातल्या म्हातारीशी काय बोलायचं, राजा खोटं बोलतोय का, हे सगळं पंचाच्या तोंडी सोपवलेलं. म्हणजे लढाई कागदावर आणि गोष्ट माणसाच्या जिभेवर, अशी वाटणी पहिल्या दिवसापासूनच झाली होती.

आता एक्सपीचा हिशोब बघा. त्या मूळ खेळात खजिन्यातून बाहेर आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला साधारण एक गुण मिळायचा. राक्षस मारल्याचेही गुण होते, पण १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत ते एवढे छाटले, की ऑर्क नावाच्या एका साध्या राक्षसामागे जेमतेम १० उरले. लढवय्याला दुसऱ्या लेव्हलसाठी लागायचे २,०००. म्हणजे एकट्याने मारायचं ठरवलं तर २०० ऑर्क. नाहीतर ऑर्कला झोपू द्यायचं आणि मागच्या दाराने २,००० नाण्यांची पेटी उचलून चालू पडायचं. शहाणा खेळाडू काय करेल? लढाई म्हणजे जीव धोक्यात घालणं, तीही चिल्लरीसाठी. त्यामुळे ती टाळायची, फसवायचं, लाच द्यायची, पळायचं. लढाईच्या नियमांनी भरलेला हा खेळ न लढणाऱ्याला जास्त पगार देत होता, हे आज अनेकांना माहीतच नसतं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले, आणि तोवर कॉम्प्युटरने आपली वेगळी रीत पाडलीही होती.

कॉम्प्युटरला पुस्तिका मिळाल्या, पंच मिळाला नाही. फाशांची बेरीज यंत्राला चुटकीसरशी जमते, राजाचा खोटेपणा कुठून जमणार? १९७५ च्या आसपास इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी लिहिलेले भुयारी गेम फिरू लागले. त्यातल्या एकाचं नाव 'पेडिट५'. धड्याच्या फाइलसारखं रुक्ष नाव, त्यामागे गेम लपवलेला. अधिकाऱ्यांच्या नजरेला पडला की तो पुसला जायचा. अशा गेममध्ये भुयार, राक्षस, खजिना आणि आकडे एवढंच.

१९८१ चं 'विझार्ड्री' याच वळणाचं. सहा जणांची टोळी घ्या, दहा मजले खाली उतरा आणि दुष्ट जादूगार वेर्डनाकडून ताईत परत आणा. ताईत ट्रेबोर नावाच्या राजाचा. इंग्रजीत ही दोन्ही नावं उलटी वाचली की गेम लिहिणारे अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड हजर! कथेची किंमत त्यांच्या लेखी किती होती, ते यावरून कळतं. गेम मात्र जबरदस्त होता आणि त्याचं व्यसन लागायचं, कारण मार, गुण घे, लेव्हल वाढव, पुन्हा मार, हे चक्र तिथे एकदम घट्ट बसलं होतं.

पहिला खरा प्रश्न विचारला तो रिचर्ड गॅरियटने. त्याच्या 'अल्टिमा' मालिकेतले खेळाडू जिंकण्यासाठी गावकऱ्यांना मारत, दुकानं लुटत, आणि गेम त्यांना काही म्हणत नसे. १९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्ये त्याने खलनायकच काढून टाकला. काय करायचं, तर आठ सद्गुण अंगी बाणवून अवतार व्हायचं. हो, आपलाच शब्द. यातला एक प्रसंग मला फार आवडतो. जादूची मुळं-पाला विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि किती दिले ते तुम्ही टाइप करायचं. कमी दिले तरी ती निमूट घेते. काहीच होत नाही. पण आत कुठेतरी तुमच्या प्रामाणिकपणाचा आकडा घसरतो, आणि कितीतरी तासांनी देवळात गेलात की उमगतं, आपण कुठे नापास झालो ते. मारल्याचे गुण त्या गेममध्येही होते, पण नुसत्या त्यांवर शेवट गाठता येत नव्हता.

जपानमध्ये वेगळंच घडलं. युजी होरीने आधी खुनाच्या तपासाचा गेम केला होता, आणि तो 'विझार्ड्री' व 'अल्टिमा'चा भक्त. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये त्याने नकाशावरची भटकंती 'अल्टिमा'ची आणि समोरासमोरची लढाई 'विझार्ड्री'ची घेतली, आणि ६४ केबीच्या कार्ट्रिजमध्ये एक सरळ परीकथा बसवली. तिथून जपानी आरपीजीची पद्धत ठरली. गोष्ट लेखकाच्या हातात, लढाई तुमच्या. दोन्ही आळीपाळीने येणार, एकमेकींच्या वाटेला जाणार नाहीत.

या वाटणीतली फट १९९७ च्या 'फायनल फँटसी ७' मध्ये सगळ्या जगाला दिसली. लढाईत कुणी पडलं तर 'फीनिक्स डाउन' नावाचं पीस वापरायचं, माणूस उठून उभा. अशी पिसं तुमच्या झोळीत डझनावारी असतात. आणि मग गोष्टीत तुमच्याच टोळीतली एरिथ मारली जाते, डोळ्यांसमोर, आणि झोळीतलं एकही पीस उपयोगाला येत नाही. कित्येकांनी ती परत आणायची वाट शोधण्यात महिने घातले. लढाईतलं मरण स्वस्त आणि गोष्टीतलं महाग, हे दोन हिशोब एकाच गेममध्ये शेजारीशेजारी चालत होते.

इथे थोडं घरचं. माझ्यासारख्या मराठी माध्यमातल्या पोराने हे गेम उसन्या सीडीवरून खेळले तेव्हा संवाद आला की एन्टर, एन्टर, एन्टर. इंग्रजी जड जायचं. लढाईची भाषा मात्र लगेच कळायची: लाल पट्टी संपली की मेला. मी खेळलेल्यातला एकही गेम मराठीत नव्हता. त्यामुळे 'मला स्टोरीत इंटरेस्ट नाही' असं जे आम्ही ऐटीत सांगायचो, त्यात खरी आवड किती आणि न कळण्याची लाज किती, देव जाणे. पुढे कळलं की 'डार्क सोल्स' हा गेम बनवणारा हिदेताका मियाझाकी लहानपणी न झेपणारी परदेशी पुस्तकं वाचायचा आणि अडलेल्या जागा आपल्या मनाने भरायचा. त्याच्या गेममध्येही गोष्ट तशीच तुकड्यातुकड्यांत, तलवारी-अंगठ्यांच्या वर्णनात लपवलेली असते. वाचून बरं वाटलं.

नव्वदीच्या शेवटाला अमेरिकेत दोन टोकं अगदी जवळजवळ उगवली. 'डायब्लो' मूळचा पाळीपाळीने खेळायचा गेम. तो क्लिक केला की लगेच वार, असा केला गेला आणि भुयारातली लढाई एका बोटावर आली. दुसरीकडे १९९७ च्या 'फॉलआउट'मध्ये शेवटच्या शत्रूला नुसत्या बोलण्याने हरवता येत होतं. त्याचे महाकाय सैनिक वांझ आहेत याचा पुरावा समोर ठेवायचा, की तो स्वतःच कोसळतो. १९९९ च्या 'प्लेनस्केप: टॉरमेंट'ने तर कमालच केली. सुमारे ८ लाख शब्दांचा मजकूर आणि स्मृती गेलेला, मरूनही न मरणारा नायक. इथे जुनी आठवण परत आली की एक्सपी मिळतो, आणि तलवारीपेक्षा शहाणपण वाढवलेलं पात्र जास्त लांब जातं. त्यातली मारामारी रटाळ आहे, हे त्याचे भक्तही मान्य करतात. मीही करतो.

मग गेम बनवणारे गुणांच्या वहीतच खाडाखोड करू लागले. २००४ च्या 'व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स'मध्ये मारल्याचे गुण नाहीत, काम पूर्ण केल्याचे आहेत. २०१० च्या 'मास इफेक्ट २' मध्येही मोहीम संपल्यावर एकदमच गुण मिळतात. २०१५ च्या 'पिलर्स ऑफ इटर्निटी'ने तेच केलं, फक्त नव्या प्राण्यांची माहिती गोळा करण्यापुरती सूट ठेवली. त्यावर जुन्या खेळाडूंनी केवढा गहजब केला! मारायचं आणि काहीच मिळणार नाही? मग मारायचं कशाला? प्रश्न अगदी बरोबर होता, आणि तो विचारला जावा हाच बनवणाऱ्यांचा हेतू.

वाद कुरूपही झाला. बायोवेअर कंपनीतल्या एका लेखिकेने २००६ च्या मुलाखतीत म्हटलं होतं, की संवाद बटण दाबून पुढे ढकलता येतात तशी लढाईही ढकलता यायला हवी. २०१२ मध्ये ती मुलाखत कुणीतरी उकरून काढली आणि तिच्यावर अत्यंत घाणेरड्या शिव्यांचा पाऊस पडला. संवाद टाळायचं बटण कितीतरी वर्षं होतं, त्यावर मात्र कुणी ब्र काढला नव्हता. गंमत म्हणजे त्याच वर्षी कंपनीचा 'मास इफेक्ट ३' आला आणि त्याने सुरुवातीलाच विचारलं: ॲक्शन, स्टोरी की आरपीजी? पहिल्यात तुमची उत्तरं गेमच देतो, दुसऱ्यात लढाई अगदी सोपी होते, तिसऱ्यात दोन्ही पूर्ण. जुनं भांडण थेट मेनूत आलं.

२०१५ मध्ये टोबी फॉक्सच्या 'अंडरटेल'ने एक्सपीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. कुणालाही न मारता खेळलात तर शेवटपर्यंत लेव्हल १, जीव २०. मारत गेलात तर उशिरा कळतं की एक्सपीचा अर्थ इथे अनुभव नव्हताच, तो देहदंडाचा आकडा होता.

आणि २०१९ चा 'डिस्को एलिझियम'. एस्टोनियातल्या मंडळींनी कागद-फाशांच्या खेळातून वाढवलेली ही दुनिया. नेहमीची लढाई त्यात नाहीच, २४ कौशल्यं आहेत आणि ती तुमच्या डोक्यात आपसात भांडतात. शंभर गुण झाले की एक कौशल्य वाढतं, आणि ते गुण बोलण्यातून, शोधण्यातून मिळतात. तरी इथे मरता येतं. तब्येत अगदीच कच्ची ठेवलीत, तर सुरुवातीच्या खोलीत पंख्यावर अडकलेला टाय काढताना नायक हृदयविकाराने जातो. फासे तेच जुने, फक्त समोर ऑर्कऐवजी टाय.

माझा स्वतःचा हिशोब सांगायचा तर फार अभिमानास्पद नाही. 'फॉलआउट'मध्ये टँडी नावाच्या मुलीला लुटारू पळवून नेतात. त्यांच्या म्होरक्याला गोड बोलून तिला सोडवता येतं. मी सोडवली, गावात बापाच्या हवाली केली, बोलल्याचे गुण घेतले. मग गेम सेव्ह केला, बंदूक भरली आणि मारल्याचे गुण घ्यायला त्याच तळावर परत गेलो.