खाण अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण

जमिनीतील कोळसा, धातुके आणि इतर खनिजे सुरक्षितपणे व परवडेल अशा खर्चात बाहेर काढण्याचे शास्त्र शिकवणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम. भारतात तो बी.टेक. किंवा बी.ई. या पदवीसाठी चालतो आणि विद्यार्थी त्याला सरळ ‘मायनिंग’ म्हणतात. स्थापत्य, यंत्र, विद्युत या शाखांशी त्याचे जवळचे नाते आहे. तरी एका बाबतीत तो या सगळ्यांहून निराळा पडतो. पदवी हाती आली म्हणून कुणाला खाण चालवता येत नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचे सक्षमता प्रमाणपत्र लागते आणि खाणीत प्रत्यक्ष काम केल्याशिवाय ते मिळत नाही. या शाखेतला जवळजवळ प्रत्येक विषय शेवटी खाली उतरलेल्या माणसाच्या जिवाशी येऊन ठेपतो. अभ्यासक्रमाची सारी मांडणी त्यातूनच झालेली आहे.

उगम

भारतात खाणींचा कायदा आधी झाला आणि खाणीचे उच्च शिक्षण मागाहून आले. १८९७ साली बलुचिस्तानातील खोस्त येथील कोळसा खाणीत आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत मोठे अपघात झाले. त्यानंतर १९०१मध्ये पहिला खाण कायदा संमत झाला आणि ७ जानेवारी १९०२ रोजी कोलकात्यात खाण तपासणीचे सरकारी कार्यालय सुरू झाले. १९०८मध्ये ते धनबादला गेले. आजचे महासंचालनालय त्याचाच विस्तार असून त्याचे मुख्यालय अजूनही धनबादलाच आहे.

त्या काळी खाणींचे व्यवस्थापक बहुतेक ब्रिटिश असत. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्सच्या धर्तीवर भारतातही खाणशिक्षणाची सरकारी संस्था हवी, असा ठराव राष्ट्रीय सभेने (काँग्रेसने) १९०१च्या कोलकाता अधिवेशनात केला. विसाव्या शतकाच्या आरंभी शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणीचे वर्ग निघाले, पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात हा विषय आला आणि ९ डिसेंबर १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते धनबादला इंडियन स्कूल ऑफ माइन्सचे उद्घाटन झाले. ठरावापासून उद्घाटनापर्यंत २५ वर्षे गेली. तोवर झरिया आणि राणीगंजच्या कोळशावर देशातील रेल्वे धावत होती; तो कोळसा काढण्याचे शास्त्र मात्र इथल्या मुलांना बहुधा परदेशी जाऊन शिकावे लागे. धनबादची ही संस्था २०१६मध्ये आयआयटी झाली. खरगपूर आणि वाराणसीच्या आयआयटींमध्येही ही शाखा आहे.

महाराष्ट्र व गोवा

मराठी विद्यार्थ्याला या शाखेचे पहिले ठिकाण म्हणजे नागपूर. १९६०मध्ये स्थापन झालेल्या आणि आता विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयात खाण अभियांत्रिकीचा विभाग आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या शहराचा शेजार. भारतीय खाण ब्यूरो, कोल इंडियाची वेस्टर्न कोलफील्ड्स, मँगनीज काढणारी मॉइल आणि स्फोटकांच्या परवान्यांचे नियंत्रण करणारी पेसो, या सर्वांची मुख्यालये नागपुरात आहेत. केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेचे केंद्रही इथेच आहे. बसने तासा-दोन तासांत सावनेर किंवा उमरेडचा कोळसा, मनसर-कांद्रीचे मँगनीज आणि भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गची उघडी (बोगद्यांऐवजी वरून खोदत नेलेली) खाण गाठता येते. खाणीचा धंदा आणि खाणीचे शिक्षण इतके शेजारी-शेजारी असलेली शहरे देशात फार थोडी आहेत.

चंद्रपूरच्या राजीव गांधी अभियांत्रिकी महाविद्यालयातही ही शाखा आहे. तिथे वर्धा खोऱ्यातील कोळसापट्टा महाविद्यालयाच्या दारातच आहे. गोव्यात फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खाण विभाग आहे. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी उघड्या पद्धतीच्या असल्याने तिथल्या विद्यार्थ्याचा पाया डोंगर-उतार, पावसाळ्यातील पाणी आणि मांडवी-झुवारीवरील बार्ज वाहतूक यांवर रचला जातो.

राष्ट्रीय संस्थांत जेईईने आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांत सीईटीने प्रवेश मिळतो. काही आयआयटींत रंगांधळ्या उमेदवारांना या शाखेत प्रवेश नाही. कारण उघड आहे : खाणीत सिग्नल, केबलचे रंग आणि दिव्याच्या ज्योतीची छटा ओळखावी लागते.

अभ्यासक्रम

पहिले वर्ष इतर अभियंत्यांसारखेच गणित, भौतिकी, रेखाचित्र यांत जाते. दुसऱ्या वर्षापासून भूविज्ञान, खडकांचे यामिकी, खाण सर्वेक्षण, वायुवीजन, छिद्रण व स्फोटन, खाण यंत्रे, खनिज प्रक्रिया, खाण नियोजन, अर्थशास्त्र आणि खाण कायदा असे विषय येतात.

यांतला सर्वेक्षण हा विषय बाहेरच्यांना किरकोळ वाटतो. खाणीत तो कणा आहे. जमिनीवर दिशा ठरवायला सूर्य आहे, उपग्रह आहेत. भूमिगत खाणीत यांपैकी काहीच नाही, म्हणून वरची दिशा खाली न्यावी लागते. शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरण्याच्या उभ्या विहिरीत, दोन पोलादी तारा सोडतात, त्यांना जड वजने लावतात आणि वजने हलू नयेत म्हणून ती तेलाच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवतात. खाली थिओडोलाइट (कोन मोजण्याचे यंत्र) या दोन तारांच्या जवळजवळ रेषेत लावून यंत्र आणि दोन तारा यांचा लांबट ‘वाइसबाख त्रिकोण’ सोडवला की वरची दिशा खाली उतरते. दोन तारांत ३ मीटर अंतर असेल आणि एक तार रेषेला काटकोनात केवळ १ मिलिमीटर सरकली, तर एक किलोमीटर पुढे नकाशा सुमारे ३३ सेंटिमीटर चुकतो. आता तारांशिवाय उत्तर दिशा दाखवणारे जायरो थिओडोलाइट आले आहेत, तरी तारांची ही पद्धत विद्यार्थ्याने स्वतः हाताने करायलाच हवी. चूक कुठे शिरते ते त्याशिवाय अंगी मुरत नाही.

या काटेकोरपणामागचे कारण भारतीय खाणींच्या इतिहासात सापडते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाळा खाणीत वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या भागातून पाणी खाली घुसले आणि ३७५ माणसे गेली. त्याआधी १९५४मध्ये पेंच खोऱ्यातील न्यूटन चिखली खाणीतही पाणीच शिरले होते. पाणी साठलेल्या जुन्या खाणकामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करायचे नाही, असा नियम आहे. तो पाळायचा तर जुनी खाण नेमकी कुठे संपते ते नकाशावर बिनचूक हवे. एका जुन्या नकाशावरची रेघ चुकली तर नियम पाळूनही माणसे बुडू शकतात.

वायुवीजन हा दुसरा जड विषय. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की त्याचा स्फोट होऊ शकतो. नियम मात्र फार आधी थांबवतो. कामाच्या जागेवरून बाहेर जाणाऱ्या परतीच्या हवेत ०.७५ टक्के आणि खाणीत कुठेही १.२५ टक्के ही मर्यादा आहे. १.२५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली की माणसे बाहेर काढायची. हवेत प्राणवायू किमान १९ टक्के हवा आणि कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्याहून जास्त नको. सर्वांत मोठ्या पाळीतील दर माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर हवा पोचली पाहिजे. ही हवा पंख्याने ओढायची असते आणि तिथे एक साधा नियम विद्यार्थ्याला नम्र करतो : हवा दुप्पट हवी असेल तर दाब चौपट आणि वीज आठपट लागते. मोठा पंखा बसवण्यापेक्षा वाट रुंद करणे आणि गळती बुजवणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते.

मिथेन ओळखण्याचे शिक्षण अजूनही सेफ्टी लॅम्पपासून सुरू होते. दिव्याची ज्योत बारीक करायची आणि तिच्यावर फिकट निळसर टोपी दिसते का ते पाहायचे. सव्वा टक्क्याला ती जेमतेम दिसते. वायू वाढला की टोपी उंच होते. मिथेनोमीटर आकडा दाखवतो, पण ‘गॅस टेस्टिंग’च्या प्रमाणपत्रासाठी नजर तयार करावी लागते.

खडकांच्या यामिकीत छत किती वेळ तग धरेल आणि खांब किती मोठा ठेवायचा, हे शिकवतात. भारतातील भूमिगत कोळसा खाणींत बोर्ड अँड पिलर पद्धत जास्त चालते : चौकडीसारखे बोगदे काढायचे, मधे कोळशाचे खांब सोडायचे आणि शेवटी मागे सरकत तेही काढून छत कोसळू द्यायचे. कोसळलेल्या त्या भागाला गोफ म्हणतात. खांब काढण्याचा टप्पा सगळ्यांत धोक्याचा असतो. जुनी पोकळी वर्षानुवर्षे टिकून एखाद्या दिवशी वरच्या वस्तीलाही जाणवते, हे कोळसापट्ट्यातील लोकांना ठाऊक आहे. म्हणून जमीन खचण्याचा अंदाज हा या विषयाचा पुस्तकी भाग मानू नये.

स्फोटनात खडक फोडण्याइतकेच महत्त्व शेजारच्या घरांना आहे. महासंचालनालयाच्या १९९७च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या मालकीची नसलेल्या घरांपाशी, कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झहून कमी असेल तर, कणवेग (जमिनीचे कण हलण्याचा वेग) सेकंदाला ५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. छिद्रे क्षणभराच्या अंतराने टप्प्याटप्प्याने उडवतात; अशा एका टप्प्यात (विलंबात) किती स्फोटक पेटवायचे, हे गणित त्यावरून मांडतात.

इथे एक ताण आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. देशातील ९० टक्क्यांहून अधिक कोळसा आता उघड्या खाणींतून येतो. पदवीधराची नोकरी बहुधा डंपर, शॉवेल आणि बेंचच्या (उघड्या खाणीतील पायऱ्यांच्या) उतारांवर असते आणि अभ्यासक्रमाचा मोठा भाग मात्र भूमिगत खाणीचा आहे. तो कमी करावा असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. वायू, छत आणि पाणी यांची शिस्त भूमिगत खाणीतच शिकता येते आणि ती घेतलेला अभियंता उघड्या खाणीच्या कड्याकडेही सावधपणे पाहतो.

खाणीतील प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र

उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थी कोळशाच्या आणि धातूच्या खाणींत प्रशिक्षण घेतात. कॅप लॅम्प, हेल्मेट, बूट, हजेरी आणि पाळीची वेळ यांची ओळख तिथे होते. ओव्हरमन आणि सरदार या खाणीतील पर्यवेक्षकांसोबत फिरताना बरेच काही कळते : काठीने छत ठोकून आवाजावरून ते पोकळ आहे की भरीव, हे ओळखणारा जुना सरदार विद्यार्थ्याचा खरा गुरू ठरतो.

नोकरीत रुजू होताना वैद्यकीय तपासणी आणि १९६६च्या नियमांनुसार व्यावसायिक प्रशिक्षण होते. ठरावीक अनुभवानंतर द्वितीय श्रेणी आणि पुढे प्रथम श्रेणी व्यवस्थापकाच्या प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. मान्यताप्राप्त पदवीधराला काही विषयांतून सूट मिळते. कायद्याच्या परीक्षेतून मिळत नाही. कोळसा खाणी व धातू खाणी यांची प्रमाणपत्रे वेगळी असतात. फक्त उघड्या खाणींचा अनुभव असलेल्याला मर्यादित प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर भूमिगत खाण चालवता येत नाही. म्हणूनच पहिली नेमणूक भूमिगत खाणीत मिळावी, असा सल्ला वरिष्ठ देतात.

या शिक्षणातून काय घडू शकते, याचे उदाहरण जसवंतसिंग गिल. धनबादचे हे माजी विद्यार्थी नोव्हेंबर १९८९मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीतील बचावकार्यात होते. पाणी शिरल्याने माणसे खाली अडकली होती. गिल यांनी नवे छिद्र पाडून त्यातून पोलादी कॅप्सूल सोडण्याची योजना राबवली, स्वतः त्या कॅप्सूलमधून खाली उतरले आणि ६५ जणांना वर पाठवले. छिद्रण, सर्वेक्षण, वायुवीजन हे सगळे विषय त्या एका छिद्रात एकत्र आले होते.

मुलींचा प्रवेश

झरिया-राणीगंजच्या खाणींत एके काळी बायका नवऱ्यांसोबत कोळसा वाहत. १९२९च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने भूमिगत कामातून बाहेर काढले. पुढे १९५२च्या खाण कायद्याच्या कलम ४६नेही भूमिगत कामाला मनाई केली. परिणामी काही नामवंत संस्थांत मुलींना ही शाखाच बंद होती. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना न्यायालयाच्या आदेशाने प्रवेश मिळवावा लागला. पुढे त्या खाण संशोधनात शास्त्रज्ञ झाल्या. जानेवारी २०१९च्या अधिसूचनेने तांत्रिक, पर्यवेक्षी व व्यवस्थापकीय कामांसाठी, लेखी संमतीच्या अटीवर, स्त्रियांना भूमिगत खाणीत जाण्याची मुभा मिळाली. २०२१मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडमधील चुरी भूमिगत खाणीत रुजू झाल्या; कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला खाण अभियंता. हा अन्याय फार उशिरा दूर झाला.

नोकऱ्या

कोल इंडिया, एनएमडीसी, मॉइल, हिंदुस्तान कॉपर, युरेनियम कॉर्पोरेशन यांसारख्या सार्वजनिक कंपन्या, सिमेंट कंपन्यांच्या चुनखडीच्या खाणी आणि खासगी धातू खाणी हे मुख्य आश्रय आहेत. अनेक भरत्यांसाठी गेटचा खाण अभियांत्रिकीचा पेपर उपयोगी पडतो. मेट्रो आणि जलविद्युत प्रकल्पांच्या बोगद्यांतही या पदवीधरांना मागणी आहे.

धंदा एका खनिजावर आणि एका प्रदेशावर अवलंबून असला की शिक्षणालाही झळ लागते. गोव्यात २०१२मध्ये खाणी थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्यावर, ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्याने मार्च २०१८पासून परत थांबल्या. तेव्हा घराजवळ काम मिळेल म्हणून ही शाखा घेतलेल्या मुलांना ओडिशा, छत्तीसगड, राजस्थानकडे पाहावे लागले. खाण बंद करण्याचा आराखडा, ओव्हरबर्डनच्या (खनिजावरून काढलेल्या माती-दगडांच्या) ढिगाऱ्यांवर झाडे लावणे, खड्ड्यातील पाण्याचा वापर हे विषय म्हणूनच आता शेवटच्या वर्षात नियोजनाच्या अभ्यासात येतात.