इंधन संपून पडलेली विमानं : तपासामागची पार्श्वभूमी

इंधन संपून पडलेल्या विमानाच्या अवशेषांना सहसा आग लागलेली नसते. टाक्या कोरड्या होत्या हे तपासात लगेच कळतं. त्या कोरड्या का पडल्या, यावरच खरं भांडण होतं. १९७८ साली पोर्टलंडजवळ एक डीसी-८ चाकांच्या बिघाडात अडकून घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. कप्तानासमोर सहकाऱ्यांनी स्पष्ट बोलावं, हा धडा तेव्हापासूनचा.

पण ज्या घटनेवर आजही दोन तट पडतात ती २५ जानेवारी १९९०ची. बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कला निघालेलं एव्हियांका ५२, जुनं बोइंग ७०७. खराब हवामानामुळे त्याला तीन ठिकाणी मिळून १ तास १७ मिनिटं हवेतच ताटकळत ठेवलं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यापुरतं इंधन उरलं नाही. लाँग आयलंडवर १५८पैकी ७३ जण गेले.

उड्डाणाच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रातली पट्टी चिकटपट्टीने दाबून ठेवलेली होती. तिच्यावर काहीच उमटलेलं नव्हतं. त्यामुळे सगळी मदार आवाजाच्या नोंदींवर आली. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ (प्राधान्य) मागितली, इंधन संपत आलंय असंही सांगितलं. कप्तान त्याला इमर्जन्सी जाहीर करायला सांगत होता, पण तो शब्द नियंत्रकांच्या कानी पडलाच नाही. अमेरिकी तपास मंडळाच्या अहवालाने मुख्य ठपका वैमानिकांवर ठेवला. इंधनाबाबत सर्वमान्य शब्दावली नव्हती, हवाई वाहतुकीचं नियोजन अपुरं होतं, या गोष्टी ‘साहाय्यभूत कारणां’त ढकलल्या गेल्या. हे जरा सोयीचंच झालं. बोस्टनच्या पर्यायी विमानतळाकडे वळलो तर इंधन पुरणार नाही, हे सहवैमानिकाने सांगितलं होतं. पुढच्या नियंत्रण कक्षापर्यंत ते पोचलंच नाही. तपास मंडळातही एकमत झालं नाही, आणि नुकसानभरपाईत अमेरिकी सरकारलाही वाटा उचलावा लागला.

शब्दावलीचा घोळ आंतरराष्ट्रीय नियमांत मिटायला २०१२ उजाडलं. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता दुसऱ्या विमानतळाचा पर्याय उरला नाही, आणखी उशीर झाला तर राखीव साठ्याला हात लागेल. ही इमर्जन्सी नव्हे. जेटसाठी तो अखेरचा राखीव साठा ३० मिनिटांचा. उतरताना तेवढाही उरणार नसेल तर ‘मेडे फ्युएल’, म्हणजे थेट इमर्जन्सीची हाक.

तरी २०१६ साली मेडेयीनजवळच लामिया कंपनीचं विमान, उड्डाण २९३३, पडलं, ७१ जण गेले. त्याच्या वैमानिकानेही आधी ‘प्रायॉरिटी’च मागितली. उड्डाण आराखड्यात प्रवासाचा वेळ ४ तास २२ मिनिटं लिहिला होता आणि इंधन पुरण्याचा वेळही तेवढाच, म्हणजे राखीव काहीच नाही. निघण्यापूर्वी त्यावर हरकत घेतली गेली होती. विमान तरीही सुटलं.