लाल डबी, निळी डबी, लेझर मात्र एकच

ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत मी बरीच वर्षं सीडी लायब्ररी चालवली. लायब्ररी कधीच बंद झाली. त्याच गाळ्यात आता प्लेअर आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करत बसतो. गिऱ्हाइकं थोडी, पण येणाऱ्याला गप्पा मारायला वेळ असतो, आणि गप्पा डिस्कवर आल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "ब्लू-रे निळ्या लेझरची. ती एचडी डीव्हीडी लाल लेझरची होती, म्हणून मार खाल्ला तिने." या दोघी म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या, जास्त बारकाव्याच्या (एचडी) चित्राच्या सिनेमा-डिस्क, एकमेकींच्या स्पर्धक.

नाही हो, नाही. दोघींचा लेझर एकच. ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, निळसर जांभळा. लाल लेझर साध्या डीव्हीडीचा, ६५० नॅनोमीटरचा. एचडी डीव्हीडीच्या नावात डीव्हीडी आहे आणि तिची डबी लाल असायची, एवढ्यावरून लोकांनी तिला लाल लेझर देऊन टाकला. ब्लू-रेची डबी निळी, नावातही निळा. डबीच्या रंगावरून आतला माल ओळखायचा, तर मग फरसाणाच्या दुकानात काय कराल?

परवा हाच घोळ खोकं भरून आला. घोडबंदर रोडला राहणारे एक आजोबा. मुलगा अमेरिकेत घर बदलतोय, त्याने जुन्या डिस्क इकडे पाठवून दिल्या. अकरा डब्या, सगळ्या लाल. "ब्लू-रेच आहेत, बाबा. प्लेअर अपडेट करून घ्या, चालतील," असं मुलाने फोनवर सांगितलेलं. आजोबांनी आपला ब्लू-रे प्लेअरही पिशवीतून आणला होता. डिस्क आत ढकलली. दोनदा गरगरली, लेन्सने वर-खाली शोधाशोध केली आणि डिस्क बाहेर आली.

ब्लू-रेत एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५०; सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स वगैरे मंडळींची. एचडी डीव्हीडी तोशिबा आणि एनईसीची, एका थरात १५, दोन थरांत ३०. मूळ डीव्हीडीचे नियम ठरवणाऱ्या डीव्हीडी फोरमने मान्यता दिलेली, त्यामुळे नाव अगदी हक्काचं. जपानात ती मार्च २००६च्या शेवटच्या दिवशी आली, अमेरिकेत एप्रिलमध्ये. ब्लू-रेचे सिनेमे अमेरिकेत जूनमध्ये आले. चित्र दोघींचं १९२० बाय १०८०, चित्र दाबून बसवायच्या पद्धतीही त्याच तीन: एमपेग-२, व्हीसी-१ आणि एच.२६४. तेव्हा 'हिचं चित्र जास्त सुंदर' हा वाद मी माझ्या दुकानात घालू देत नाही. मेनू ब्लू-रेचा जावा या संगणकाच्या भाषेवर चालायचा, एचडी डीव्हीडीचा एचडीआय नावाच्या वेगळ्या पद्धतीवर. मेनूसाठी डिस्क घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता खरा फरक. लेझर एक, डिस्कचा आकार एक, एकूण जाडीही एकच, १.२ मिलिमीटर. मग एकीत पंधरा आणि दुसरीत पंचवीस कसे मावतात? उत्तर माहितीच्या थरावर किती प्लास्टिक आहे, यात आहे. एचडी डीव्हीडीत तो थर साध्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खोल, म्हणजे डिस्कच्या बरोब्बर मधोमध. ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर खोल, जवळपास कातडीलाच लागून.

माझ्या काउंटरवर जाड काच आहे. तिच्याखाली लायब्ररीचं जुनं रेट कार्ड अजून ठेवलंय. आजोबांना म्हटलं, सरळ वरून बघा. अक्षरं जागच्या जागी. आता मान तिरपी करून बघा. अक्षरं सरकली. मग त्याच कार्डाची दुसरी प्रत काढली आणि तिच्यावर वहीला घालतो तसलं पातळ प्लास्टिक टाकलं. आता हवं तेवढं तिरपं बघा, अक्षर जागचं हलत नाही. ब्लू-रे करणाऱ्यांची सगळी युक्ती एवढीच.

लेझरचा टिपका जितका बारीक, तितकी डिस्कवर माहिती जास्त. टिपका बारीक करायचे मार्ग दोन. प्रकाशाची तरंगलांबी कमी करा. ते दोघींनीही केलं. किंवा लेन्समधून येणारा प्रकाशाचा शंकू रुंद करा. या रुंदीला एनए म्हणतात. डीव्हीडीचा ०.६०, एचडी डीव्हीडीचा ०.६५, ब्लू-रेचा ०.८५. शंकू रुंद केला की कडेचे किरण फार तिरपे होतात, आणि तिरप्या किरणाला जाड प्लास्टिक सोसत नाही. डिस्क कधीच शंभर टक्के सपाट नसते. ती जराशी कलली की जाड प्लास्टिकमधून जाणाऱ्या टिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते आणि शेजारची अक्षरंही वाचनात मिसळतात. हा दोष जाडीच्या पटीत वाढतो, पण एनएच्या घनाच्या पटीत वाढतो. ०.६५वरून ०.८५वर गेलात की सव्वादोन पट. म्हणून त्यांनी जाडी एकदम सहाव्या हिश्श्यावर आणली. तोशिबाने जाडी तशीच ठेवली, त्यामुळे लेन्सही जेमतेमच रुंद करता आली.

विश्वास बसत नसेल तर पाटी घ्या. टिपक्याची रुंदी एनएच्या उलट प्रमाणात, म्हणून ०.८५ भागिले ०.६५, साधारण १.३. क्षेत्रफळासाठी वर्ग, म्हणजे १.७. आता पंधराला १.७ने गुणा. साडेपंचवीस. एवढ्या साध्या गुणाकारात पंचवीस जीबीचा हिशोब लागतो, आणि लोक डबीचा रंग बघतात!

त्यामुळे 'अपडेट' करून काही होत नाही. ब्लू-रे प्लेअरची निळ्या लेझरची लेन्स ०.१ मिलिमीटरवर फोकस करायला बनवलेली असते, आणि समोर माहिती ०.६ मिलिमीटर खोल. किरण तिथे नीट जुळतच नाहीत. चष्म्याचा नंबर चुकलाय, तो सॉफ्टवेअरने कसा बदलणार? दोन्ही चालवणारे प्लेअर निघाले होते, एलजीने २००७ साली काढला, पण त्यांची नजरच तशी बनवलेली होती.

जाडीचा दुसरा परिणाम ओरखड्यांवर. इथे मात्र ब्लू-रेची बाजू मुळात लंगडी. एचडी डीव्हीडीत किरण पृष्ठभागावर शिरतो तेव्हा त्याचं वर्तुळ साधारण अर्धा मिलिमीटर असतं; धुळीचा कण त्यातला थोडासाच प्रकाश अडवतो. ब्लू-रेत हेच वर्तुळ मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढं, मग तोच कण डोंगर होतो. म्हणून २००३ साली जपानात आलेल्या रेकॉर्डिंगच्या ब्लू-रे डिस्क प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये बंद असायच्या. पुढे टीडीके कंपनीने कडक लेप शोधला आणि डिस्क उघडी विकता आली.

तर, कृपा करून, ब्लू-रेवर टूथपेस्ट चोळू नका. सीडीच्या काळात कुणीतरी हा उपाय सुरू केला आणि अजून घरोघरी चालू आहे. सीडी-डीव्हीडीला वर घासायला प्लास्टिक तरी होतं. ब्लू-रेवर तुम्ही घासताय तो लेपच आहे, आणि त्याच्या खाली ०.१ मिलिमीटरमध्ये अख्खा सिनेमा. ओला मऊ कपडा, मधून कडेकडे सरळ. बास.

तिसरा परिणाम कारखान्यात. डीव्हीडी म्हणजे ०.६च्या दोन चकत्या चिकटवलेल्या. एचडी डीव्हीडीही तशीच, म्हणून जुन्या मशीनवर थोडे फेरफार करून निघायची. ब्लू-रेला १.१च्या चकतीवर ०.१चा थर बसवायचा, म्हणजे नवीन यंत्रं, नवीन खर्च. तोशिबाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

मग हरली कशी? लेझरने नाही आणि चित्राने तर नाहीच. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेमच्या यंत्रात ब्लू-रे आतच होती, तर त्याच्या स्पर्धक एक्सबॉक्स ३६०ला एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागे. सिनेमाचे स्टुडिओ दोन्हीकडे वाटलेले. ४ जानेवारी २००८ला वॉर्नरने फक्त ब्लू-रे असं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. मला विचाराल तर लेन्सचं डोकं ब्लू-रेचं, पण माणुसकी एचडी डीव्हीडीची: तिच्यावर रीजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप, नव्हतं. ब्लू-रेवर ए, बी, सी असे तीन रीजन. आपण सी, अमेरिका ए. आजोबांच्या मुलाने खरोखरच ब्लू-रे पाठवल्या असत्या, तरी त्यातल्या काही इथल्या प्लेअरने नाकारल्या असत्या.

आणि हो, स्टेशनबाहेर डिस्कवर मार्करने 'एचडी' लिहून जे विकायचे, त्याचा या दोघींशी काही संबंध नाही. ती साधी डीव्हीडी, चित्र ७२० बाय ५७६, फार तर. एचडीएमआयच्या वायरने टीव्हीला जोडली म्हणून ती एचडी होत नाही. यावर मी याहून जास्त बोलणार नाही.

आजोबांच्या अकरा डिस्क मी एकेक करून ट्यूबलाइटखाली धरल्या. चार डिस्कवर चित्रच नव्हतं, दोन्ही बाजू चकचकीत, आणि मधल्या भोकाभोवतीच्या रिंगवर मुंगीएवढी अक्षरं. कॉम्बो डिस्क! ०.६च्या दोन चकत्या पाठीला पाठ लावलेल्या, एका बाजूला एचडी डीव्हीडी, दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी. मांडणीवरचा जुना डीव्हीडी प्लेअर काढला. त्याचं रीजनचं कुलूप मी कधीच रिमोटने उघडून ठेवलंय. डिस्क उलटी करून टाकली आणि सिनेमा सुरू झाला.

"ही एचडी बाजू का?" आजोबांनी विचारलं.

"नाही, ही साधी. पण दिसतंय की नाही?"

"दिसतंय."

चार डिस्क ते घेऊन गेले, उरलेल्या सात माझ्याकडे ठेवून. लाल डब्या मात्र अकराच्या अकरा नेल्या, नातवाच्या गेमच्या डिस्क ठेवायला.