पोलाद कारखान्याची रेल्वे, दहा बाय बाराच्या खोलीत

सांगली जिल्ह्याला लोखंड नवं नाही. किर्लोस्करवाडी 1910 साली वसली ती लोखंडी नांगरांसाठी, आणि आजही मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीची भट्टी पेटलेली दिसते. पण फाउंड्री वितळवते ते तयार पिग आयर्न, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या लाद्या, आणि भंगार. दगडातून लोखंड काढायचं काम इथे होत नाही. त्यासाठी रायगडातल्या डोलवीकडे जावं लागतं, नाहीतर मिरजेहून लोंढा-हुबळी-होसपेटमार्गे बळ्ळारी जिल्ह्यातल्या तोरणगल्लूला. मॉडेल रेल्वेच्या नादी लागलेल्या माणसाने असा कारखाना एकदा पाहिला, निदान कुंपणाबाहेरून, की खोलीतल्या टेबलावर तो उतरवायची इच्छा होतेच. आणि मग बहुतेक जण पहिल्यांदा भट्टी बांधायला घेतात.

तिथेच खोली संपते. ब्लास्ट फर्नेस म्हणजे खनिजातून लोखंड काढणारी भट्टी, तिच्या माथ्यावरचे वायूचे नळ आणि शेजारचे हवा तापवणारे तीन-चार स्टोव्ह अशा मोठ्या संचाची उंची 80 मीटरच्या पुढे जाते. एचओ म्हणजे 1:87 प्रमाणात ती जवळजवळ तीन फूट होते. भट्टी भिंतीला चिकटवून अर्धउठावात करावी, तीही शेवटी. आधी समजून घ्यायची ती तिची भूक, कारण कारखान्याची सगळी रेल्वे त्या भुकेवर चालते.

एक टन लोखंडाला साधारण 1.6 टन खनिज, 400 ते 500 किलो कोक (दगडी कोळसा भाजून केलेला), शिवाय दगडी कोळशाची भुकटी आणि चुनखडी-डोलोमाइट लागतं. भिलाईच्या आठ नंबरच्या भट्टीचं घनफळ 4,060 घनमीटर आहे आणि तिची क्षमता दिवसाला 8,000 टनांच्या आसपास. म्हणजे रोज 12,800 टन खनिज. आपल्याकडची नेहमीची उघडी वॅगन बॉक्स-एन. रिकामी 22.5 टन, भरलेली 81.3 टन, म्हणजे माल जेमतेम 59 टन. 58 वॅगनच्या रेकमध्ये, म्हणजे अख्ख्या मालगाडीत, 3,400 टन बसतात. हिशेब केला तर खनिजाचे जवळजवळ चार रेक, कोळशाचे दीड-पावणेदोन, चुनखडीचा काही भाग, उलट दिशेने पोलादाचे दोन-अडीच आणि सिमेंट कारखान्याला जाणाऱ्या स्लॅगचा, म्हणजे भट्टीतल्या मळीचा, एखादा. एका भट्टीमागे दिवसाला आठ-नऊ रेक, आणि भट्टी रविवार पाळत नाही. एकदा पेटली की वर्षानुवर्षं चालू राहते.

मुख्य लाइनचं इंजिन हा रेक कारखान्याच्या एक्स्चेंज यार्डात सोडून निघून जातं. पुढचं काम कारखान्याच्या स्वतःच्या डिझेल शंटरचं, म्हणजे वॅगन इकडून तिकडे ढकलणाऱ्या छोट्या इंजिनाचं. कारण साधं आहे: जिथे वॅगन उलटी करायची किंवा वरून माल भरायचा, तिथे डोक्यावर 25,000 व्होल्टची तार ठेवता येत नाही. टेबलावर मुख्य लाइनवर ओव्हरहेड तार आणि खांब उभे करा, यार्डाच्या टोकाला ते संपवा. दोन रेल्वे कुठे भेटतात ते पाटी न लावता कळतं.

वॅगन रिकामी करतो तो टिपलर. एक वॅगन त्याच्या पाळण्यात ढकलायची, क्लॅम्प आवळायचे, पाळणा अंगावर उलटा फिरतो आणि माल खालच्या हॉपरमध्ये पडतो. अमेरिकेत काही रेकना फिरते कपलर (वॅगन एकमेकींना जोडणारे आकडे) असतात, म्हणून तिथे गाडी न तोडता वॅगन उलटवतात. आपल्याकडे बॉक्स-एन एकेक सुटी करूनच उलटवावी लागते. मॉडेलमध्ये याचा थेट परिणाम होतो: टिपलरच्या शेडआधी वॅगनभर अंतरावर रुळांमध्ये कपलर सोडवणारा चुंबक बसवायलाच हवा. तो नंतर बसवायचा म्हटलं तर खडी उकरावी लागते. खऱ्या यार्डात ठरलेल्या तासांत रेक रिकामा झाला नाही की रेल्वे डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, लावते. पावसाळ्यात ओलं बारीक खनिज वॅगनच्या तळाला चिकटतं, माणसं उतरून ते खरवडतात, आणि त्या तासांवर पाणी पडतं.

मालाच्या बाबतीत एक चूक जवळजवळ प्रत्येक मॉडेलमध्ये दिसते: खनिज काठोकाठ भरलेलं असतं. बॉक्स-एनच्या आत सुमारे 56 घनमीटर जागा. कोळसा हलका, घनमीटरला टनापेक्षा कमी, म्हणून वजन भरायच्या आत वॅगन भरते आणि वर शीग दिसते. खनिज घनमीटरला दोन टनांहून जड. 59 टन खनिजाला 25-28 घनमीटर पुरतात, म्हणजे वॅगन अर्धीच भरलेली दिसते. आतली उंची दोन मीटरला थोडी कमी, एचओमध्ये 22 मिमी. खनिजाचा थर 10-11 मिमीवर थांबवा. गाडी अर्धी रिकामी वाटेल, पण बरोबर तेच आहे.

रंगासाठी सातारा जिल्ह्यासारखी जागा नाही. महाबळेश्वरकडच्या रस्त्याकडेला पडलेला जांभ्याचा चुरा (पाचगणीच्या टेबललँडला मात्र हात लावू नये) खलबत्त्यात कुटून चहाच्या गाळणीने चाळला की बारीक खनिज तयार. नुसता जांभा जरा जास्त नारिंगी पडतो. त्यात काळ्या पोस्टर कलरची चिमूट मिसळली की हेमेटाइट या लोहखनिजाची तपकिरी-लाल छटा येते. कोळशासाठी फाउंड्रीतली वापरलेली काळी वाळू अनेकांना सुचते. कण बारीक, रंग झकास, आणि फुकट. पण तिच्यात लोखंडाचे बारीक कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला चिकटतात, गिअरमध्ये जातात, आणि महिन्याभरात मोटर घरघर करून बसते. शिवाय तिच्यात बेंटोनाइट चिकणमाती असते, ती फेव्हिकॉलच्या पाण्यात चिखल होऊन बसते. वापरायचीच असेल तर दोन-तीनदा धुवावी, वाळवावी, कागदावर पसरून स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवावा आणि चुंबकाला काही लागेनासं होईपर्यंत फिरवत राहावं. कोरडी चाळताना मास्क हवाच, सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते ती बसतेच.

आता कारखान्याच्या आतली गाडी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप करावासा वाटतो: टॉर्पेडो. भट्टीतून 1,450 ते 1,500 अंशांचं वितळलेलं लोखंड बाहेर पडतं आणि पोलाद करणाऱ्या विभागापर्यंत ते रुळांवरून न्यायचं असतं. त्यासाठी मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं, आतून अग्निरोधक विटांचं अस्तर असलेलं हे लांबट भांडं. वरच्या तोंडातून भरायचं, पोचल्यावर अख्खं भांडं आडव्या अक्षाभोवती फिरवून ओतायचं. त्यात 150 पासून 350 टनांपर्यंत लोखंड मावतं. द्रव लोखंड घनमीटरला सात टनांच्या आसपास असल्याने 300 टनांना 43 घनमीटर पुरतात, म्हणजे कोळशाच्या एका बॉक्स-एनहून कमी. जागा थोडी, वजन प्रचंड. म्हणून दोन्ही टोकांना चाकांची रांगच्या रांग असते आणि खालचा रूळ मुख्य लाइनलाही लाजवेल असा भक्कम.

भट्टी 8,000 टन देते आणि टॉर्पेडोत 300 टन जातं असं धरलं, तर दिवसाला 27 खेपा, म्हणजे दर 53 मिनिटांनी एक. भरणं, नेणं, ओतणं, परत येणं यात चार तास गेले तर एका वेळी साडेचार टॉर्पेडो फिरत्या हव्यात. म्हणजे पाच, वर एक-दोन विटांच्या दुरुस्तीला. हा हिशेब कागदावर मांडला की मॉडेलसाठी किती गाड्या घ्यायच्या याचं उत्तर आपोआप मिळतं. घड्याळ चौपट वेगाने धरलं तर दर 13 मिनिटांनी भट्टीखाली रिकामी टॉर्पेडो उभी हवी, आणि प्रत्येकीची फेरी तासाभराची.

उशीर चालत नाही याचं कारण उष्णता. चार टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेलं हे लोखंड 1,150 ते 1,200 अंशांच्या दरम्यान गोठतं. वाटेत रेंगाळलं की आतल्या भिंतीवर थर धरतं, तोंड अरुंद होतं, पुढच्या खेपेला माल कमी बसतो. ज्यांनी हंगामात साखर कारखान्याच्या काट्यासमोरची उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. तिथे उतारा घटतो, इथे ताप. रिकामी टॉर्पेडोही थंड होऊ देत नाहीत, गॅसच्या बर्नरने अस्तर तापवून ठेवतात. ओलसर विटांवर किंवा रुळांतल्या डबक्यावर लोखंड पडलं तर पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. म्हणून भट्टीखालची लाइन कोरडी, सपाट आणि निचरा असलेली. मॉडेलमध्ये इथे गवत, शेवाळ, पाण्याचं तळं असलं काही लावू नका. बाकी यार्डात खुशाल लावा.

टॉर्पेडो घरी बनवता येते. शेतीच्या पाइपलाइनचा 40 मिमी पीव्हीसी पाइप बाहेरच्या मापाने मोजतात, तो 1:87 मध्ये साडेतीन मीटर व्यासाचा होतो, म्हणजे मापात चपखल. मधला भाग पाइपचा, दोन्ही टोकांचे शंकू जाड कार्डशीटचे. तोंडाच्या कडेला पुट्टी खरबरीत लावा, कारण खरी कड कधीच गुळगुळीत नसते, तिथे गोठलेलं लोखंड आणि मळी साचलेली असते. आत दिवाळीत मिळणाऱ्या बॅटरीच्या लुकलुकत्या पणतीचा एलईडी बसवा. रुळांतून वीज घेणार असाल तर 12 व्होल्टवर साध्या एलईडीला 1 किलोओहमचा रेझिस्टर पुरतो, प्रवाह 9-10 मिलिअँपिअर राहतो. रंग लाल नको. लालसर चमक 700-800 अंशांची, 1,450 अंशांवर डोळ्यांना दिसतो तो झगझगीत पिवळसर. वॉर्म व्हाइट एलईडीवर पिवळ्या जिलेटिन कागदाचा तुकडा लावला की काम होतं. लाल दिवा लावलेली टॉर्पेडो जाणकाराला गोठलेली वाटते.

पक्क्या मालाच्या गाड्या उलट फसव्या: दिसायला रिकाम्या. दोन मीटर व्यासाची, सव्वा मीटर रुंदीची, मधे 76 सेंटिमीटरचं भोक असलेली पत्र्याची कॉइल 26 टन भरते. एका वॅगनवर अशा दोनच, लहान असल्या तर तीन. एचओमध्ये 14 मिमी रुंदीची कागदी पट्टी 9 मिमीच्या नळीवर 23 मिमी व्यास होईपर्यंत घट्ट गुंडाळा, वर राखाडी-निळा रंग, बाहेरच्या वेढ्याला थोडा गंज.

जागेचा हिशेब कडू आहे. बॉक्स-एन 10.713 मीटर, एचओमध्ये 123 मिमी. 58 वॅगन म्हणजे सात मीटरहून जास्त. त्याहून लहान एन स्केलमध्येही (1:160) पावणेचार मीटरच्या पुढे, म्हणजे 12 फुटांच्या भिंतीत मावत नाही. 12 वॅगन घ्या. दीड मीटर रेक, 236 मिमीचं डब्ल्यूएजी-9 हे मालगाडीचं विजेचं इंजिन, मागे ब्रेक व्हॅन, सगळं दोन मीटरच्या लाइनवर उभं राहतं. आपला 1,676 मिमीचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1:87 मध्ये 19 मिमीहून थोडा जास्त भरतो आणि बाजारातला रूळ 16.5 मिमीचा. समोरून फोटो काढला तर खटकतं, यार्डात फिरताना कुणी बघत नाही. त्यासाठी रूळ हाताने घालायला बसू नये असं आमचं मत.

हाताने माल न बदलता भरलेल्या आणि रिकाम्या वॅगनचा खेळ करायची जुनी युक्ती इथे फिट्ट बसते. खोलीच्या मधोमध उभा पडदा घाला. एका बाजूला टिपलरची शेड, पाठीला पाठ लावून दुसऱ्या बाजूला खाणीतला लोडिंग बंकर. दोन लाइन पडद्यातून आरपार. कारखान्याकडून पहिल्या लाइनवर भरलेल्या वॅगन टिपलरमध्ये ढकलल्या की त्या खाणीच्या बाजूला ‘नुकत्याच भरलेल्या’ म्हणून बाहेर येतात. खाणीकडून दुसऱ्या लाइनवर रिकाम्या ढकलल्या की कारखान्यात ‘नुकत्याच उपसलेल्या’ म्हणून निघतात. पडद्यातलं भोक 45 मिमी उंच ठेवा. वॅगन 37 मिमीची आहे, ती जाते, मोठं इंजिन चुकूनही आत घुसत नाही. दोन्ही लाइनवर पूर्ण रेक मावला पाहिजे, नाहीतर शेवटची वॅगन भोकात अडकून लोंबकळते.

बिघाड बहुतेक वेळा वेगात असतो. टॉर्पेडो ताशी 10 किलोमीटरने चालवायची तर एचओमध्ये सेकंदाला 32 मिमी, म्हणजे मीटरभर रुळाला अर्धा मिनिट. इतक्या हळू चालणारं छोटं शंटर पॉईंटच्या (गाडी एका लाइनवरून दुसरीवर नेणाऱ्या सांध्याच्या) प्लास्टिकच्या फ्रॉगवर, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर, हमखास थबकतं. वीज असलेले फ्रॉग घ्या, दर मीटरला वेगळी फीडर वायर सोल्डर करा, रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लांब टॉर्पेडोला 24 इंचांहून कमी त्रिज्येचं वळण देऊ नका, मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला झुकून शेजारच्या लाइनवरच्या वॅगनला घासतो. प्लायवूड दोन्ही बाजूंनी रंगवा, एका बाजूने रंगवलं तर जुलैत ते पापडासारखं वळतं.

चालवताना फक्त वेळापत्रक पुरत नाही. कार्डांचा एक गठ्ठा ठेवा आणि दर तासाला एक उचला: टिपलरचा क्लॅम्प बिघडला, वजनकाट्यावर वॅगन जादा वजनाची निघाली ती सोडवून बाजूला काढा, पोलाद विभाग बंद म्हणून दोन टॉर्पेडो अडकल्या. शेवटचं कार्ड सर्वात त्रासदायक. भट्टी थांबत नाही, त्यामुळे ते लोखंड पिग कास्टिंग मशीनकडे वळवून लाद्या पाडाव्या लागतात. त्यासाठी एक सायडिंग आणि तिथपर्यंत जाणारा पॉईंट हवा. पहिल्या आराखड्यात तो हमखास राहून जातो, आणि नंतर बसवायचा तर अर्धं यार्ड उचकटावं लागतं.