डीव्हीडीवर अख्खा सीझन बघणं (नाशिक)

टीव्हीवरच्या एखाद्या ड्रामा सिरियलचा पूर्ण सीझन डीव्हीडीच्या बॉक्स सेटमधून, घरी बसून, जाहिरातींशिवाय आणि आपल्या सोयीच्या वेळेला बघून संपवायचा, अशी ही सवय. नाशिकमध्ये ती २००० नंतरच्या दशकात लागली आणि २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला तशी सुटली. काळ तसा छोटाच, पण ज्यांनी त्या काळात सिरियली बघितल्या त्यांना गोष्ट एपिसोडनं आठवत नाही, डिस्कनं आठवते. अमका मरतो तो तिसऱ्या डिस्कवर, खरा गुन्हेगार कळतो तो पाचवीच्या शेवटी, असं बोलणारी माणसं कॉलेज रोडला आणि सिडकोत अजून भेटतात. बघायचं माप डिस्क हेच होतं, आणि ते का, हे समजायला थोडं गणित बघावं लागतं.

डिस्कचं गणित

डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ ला आणि अमेरिकेत १९९७ ला बाजारात आली. एका थराच्या डिस्कमध्ये ४.७ जीबी मावतं, दोन थरांच्या डिस्कमध्ये ८.५ जीबी. त्या काळातल्या अमेरिकन ड्रामाचा सीझन म्हणजे २२ ते २४ एपिसोड, आणि जाहिराती काढल्या की एपिसोड ४२ ते ४४ मिनिटांचा. चार एपिसोड म्हणजे जवळपास तीन तास, ते दोन थरांच्या डिस्कवर सेकंदाला सरासरी ६ मेगाबिटच्या आसपास बसतात आणि चित्र छान येतं, पाच-सहा कोंबले की अंधाराच्या सीनमध्ये चौकोन चौकोन दिसायला लागतात. म्हणून सहा डिस्कचा डबा. ब्रिटिश सिरियलचा सीझन पुष्कळदा सहाच एपिसोडचा, तो दोन डिस्कमध्ये आटपायचा आणि शनिवारी रात्री सुरू केला की रविवारी जेवायच्या आत संपायचा.

दोन थरांच्या डिस्कची एक गंमत आहे. पहिला थर संपून लेझर दुसऱ्या थरावर जातो तेव्हा चित्र क्षणभर थबकतं, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटायचं की डिस्कच खराब आहे, मग प्लेयरला थापट्या मारणं वगैरे प्रकार व्हायचे. थापटीनं काही होत नाही, तो थांबा असतोच.

त्याआधी व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवरचा व्हिडिओ, होती, १९९३ सालची. एका सीडीवर ७४ मिनिटं आणि चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. सिनेमाला हे चालून गेलं, मध्यंतरापर्यंत पहिली सीडी आणि नंतर दुसरी, आपल्या लोकांना तर ते मध्यंतर सोयीचंच होतं, चहा टाकून व्हायचा. पण ४४ मिनिटांचे एपिसोड ७४ मिनिटांच्या सीडीत बसवायचे तर एक पूर्ण आणि दुसरा अर्धवट, त्यामुळे सीझन व्हीसीडीवर कधी नीट बसलाच नाही. व्हिडिओ कॅसेटवरही दोन-तीन एपिसोडच जायचे. पूर्ण सीझन एका डब्यात विकायचा मोठा प्रयोग २००० साली 'द एक्स-फाइल्स'च्या पहिल्या सीझननं झाला आणि तो चालल्यावर बाकीच्या कंपन्यांनाही कळलं की टीव्हीवर फुकट लागून गेलेली गोष्ट लोक पैसे देऊन परत घेतात.

नाशिकमध्ये डबे यायचे कुठून

नाशिक तसं लायब्ररीवाल्यांचं गाव. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, डिपॉझिट भरून पुस्तक न्यायचं आणि उशीर झाला की दंड भरायचा ही शिस्त घराघरात मुरलेली, व्हिडिओ लायब्रऱ्यांनी तीच उचलली. नाशिकरोड, सिडको, इंदिरानगर, कॉलेज रोड, सगळीकडे छोटे गाळे होते, आधी कॅसेटचे, मग सीडीचे. कॅसेटला पावसाळ्यात बुरशी धरायची आणि ती हेडला लागून प्लेयरच बसायचा, डिस्कला ती भानगड नाही म्हणून गाळेवाले खूश होते.

सीझनची पंचाईत वेगळीच. सिनेमा एका रात्रीत परत येतो, सीझन आठवडा आठवडा अडकून पडतो. मग गाळेवाला डबा कधीच आख्खा द्यायचा नाही. "आधी पहिली-दुसरी न्या, ती आणून द्या, मग पुढची देतो," हे ठरलेलं वाक्य. डिस्क साध्या प्लास्टिकच्या पाकिटात, वर स्केचपेननं नंबर, आणि मूळ छापील डबा काउंटरमागे शोभेला. त्यामुळे व्हायचं काय की तुमची तिसरी बघून झाली तरी चौथी पाथर्डी फाट्याला कुणाकडे तरी असायची, त्यानं ती परत दिल्याशिवाय तुमची गोष्ट पुढे सरकायची नाही, आणि तो माणूस कोण हे कळायचंही नाही. गाळेवाल्याला मात्र सगळं कळायचं. कोण दोन दिवसांत डिस्क आणतो आणि कोण तिसऱ्या डिस्कला कंटाळून गायब होतो यावरून तो नव्या गिऱ्हाइकाला सल्ला द्यायचा, आणि खरं सांगायचं तर पेपरातल्या परीक्षणापेक्षा तो सल्ला जास्त भरवशाचा होता, त्यानं स्वतः ती सिरियल एक मिनिटही बघितलेली नसली तरी.

दुसरा रस्ता म्हणजे नातेवाईक. अमेरिकेत गेलेला मुलगा, पुतण्या, मावसबहीण सुट्टीला येताना बॅगेत डबा घेऊन यायचे, आणि इथे प्लेयरमध्ये टाकला की स्क्रीनवर रिजन चुकीचा असल्याचा मेसेज. डीव्हीडीसाठी जगाचे सहा विभाग पाडलेले, अमेरिका-कॅनडा १, भारत ५. महागडा ब्रँडेड प्लेयर हट्टी निघायचा आणि एम. जी. रोडवरून घेतलेला स्वस्तातला प्लेयर रिमोटवर चार आकडे दाबले की कुठलीही डिस्क चालवायचा, महाग वस्तू घेतल्याचा पश्चात्ताप व्हावा असा हा एक दुर्मिळ प्रसंग. रिजन सुटला तरी पुढे एनटीएससीचा, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या चित्रपद्धतीचा, घोळ. अमेरिकन डिस्क ४८० ओळींची, आपली पाल पद्धत ५७६ ओळींची, जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं यायचं नाहीतर वर वर सरकत राहायचं. सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही टाइप 'ऑटो' केला की बहुतेकदा रंग यायचे, नाहीतर पिवळी पिन नीट बसलीय का ते बघायचं.

पाल डिस्कचा एक परिणाम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकन ड्रामा सेकंदाला २४ फ्रेमनं शूट व्हायचा आणि पालमध्ये तो २५ नं चालवला जायचा, म्हणजे सगळं ४ टक्के पळतं. ४४ मिनिटांचा एपिसोड सव्वाबेचाळीस मिनिटांत संपतो आणि सूर सुधारून घेतला नसेल तर आवाजही किंचित बारीक येतो.

तिसरा रस्ता फुटपाथचा, त्याबद्दल बोलल्याशिवाय ही नोंद खोटी ठरेल. शालिमार, मेन रोडच्या गर्दीत पाच-इन-वन सिनेमांच्या शेजारी सिरियलींच्या कॉप्याही असायच्या. तिथे गणित वेगळं होतं, एक एपिसोड दाबून ३५० एमबीचा केलेला, कारण ७०० एमबीच्या सीडीत बरोब्बर दोन बसतात, आणि साध्या डीव्हीडीत बारा. म्हणजे अर्धा सीझन एका डिस्कवर. मेन्यू नाही, सबटायटल असतील तर भलत्याच सिरियलची. हे अर्थातच बेकायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२अ प्रमाणे व्हिडिओवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि परवानगीची नोंद छापावी लागते, आणि महाराष्ट्रानं तर २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट लोकांना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या कायद्यात नेऊन बसवलं. ओरिजिनल माल स्वस्त करून कॉप्यांना टक्कर द्यायचा प्रयत्न मोझर बेअर कंपनीनं २००७ च्या सुमारास केला, सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना. घरं त्यानं सिनेमांनी भरली, परदेशी सिरियलींचे डबे मात्र महागच राहिले.

भारनियमन

नाशिकच्या सीझन बघण्याला खरा आकार दिला तो लाईट जाण्यानं. शहराला लागून एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र, तरी २००५ नंतरची काही वर्षं राज्यभर जे भारनियमन चाललं त्यातून नाशिक सुटलं नाही, आणि कुठल्या भागात कधी लाईट जाणार याचं वेळापत्रक पेपरात वाचून लोक डिस्क लावायचे. चार एपिसोडची डिस्क तीन तासांची, म्हणजे लाईट येण्याच्या आणि परत जाण्याच्या मधे ती बसते का हा हिशोब. इन्व्हर्टर असला तरी त्यावर पंखा आणि ट्यूब, २९ इंची टीव्ही लावला की घरातली मोठी माणसं ओरडायची.

आणि मधेच लाईट गेली की पंचाईत. बऱ्याच प्लेयरना थांबलेली जागा आठवायची ती फक्त प्लग चालू असेपर्यंत. लाईट आली की डिस्क पहिल्यापासून सुरू, आधी कंपनीचा लोगो, मग चोरीबद्दलची सूचना जी रिमोटनं पुढे ढकलता येत नाही, मग मेन्यू, आणि मेन्यूमागे नेमके पुढच्या एपिसोडमधले सीन फिरत असायचे, ज्यानं तो मेन्यू बनवला त्याला सस्पेन्स म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नसावं. त्यामुळे नेहमीची मंडळी एपिसोडचा नंबर आणि मिनिट कागदावर टिपून ठेवायची, आणि लाईट आल्यावर रिमोटवरून थेट तिथे उडी मारायची.

डिस्क संपणं हीही एक घटना होती. आता पुढचा एपिसोड आपोआप सुरू होतो, तेव्हा उठावं लागायचं, ट्रे बाहेर, डिस्क पाकिटात, दुसरी आत, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात कुणीतरी म्हणायचं की उद्या सकाळी अंबडला फर्स्ट शिफ्ट आहे. बऱ्याच घरांत रात्र डिस्कच्या शेवटीच संपली, एपिसोडच्या शेवटी नाही. लिहिणाऱ्यांनी सीझनचे धक्के टीव्हीच्या आठवड्याप्रमाणे लावलेले असायचे, पण डिस्क बघणाऱ्याला खरा धक्का बसायचा तो चौथ्या, आठव्या, बाराव्या एपिसोडच्या शेवटी, केवळ तिथे डिस्क संपते म्हणून. टीव्हीवर जाहिरात यायची त्या जागी स्क्रीन काळी होऊन लगेच पुढचा सीन सुरू व्हायचा, ते सुरुवातीला विचित्र वाटायचं, मग सवय झाली.

सबटायटलचाही इथे उल्लेख हवा. मराठी मीडियममधून शिकलेल्या आणि इंग्रजी वाचता चांगलं येतं पण अमेरिकन उच्चार कानाला कळत नाहीत अशा लोकांना ओरिजिनल डिस्कवरची इंग्रजी सबटायटल हीच शिकवणी होती. डायलॉग निसटला की रिमोटनं मागे जायचं, परत वाचायचा. केबलवर ही सोय नव्हती.

मराठी सिरियली डब्यात का आल्या नाहीत

कारण त्यांना सीझनच नव्हता. १९९९ ला अल्फा मराठीवर 'आभाळमाया' आली आणि रोजच्या सिरियलची जी सवय लागली ती आजतागायत आहे, आणि रोजची सिरियल टीआरपी आहे तोवर चालते, तिला ठरलेली लांबी नसते. ईटीव्ही मराठीवरच्या 'चार दिवस सासूचे'नं २००१ ते २०१३ मध्ये ३००० हून जास्त एपिसोड केले. बावीस मिनिटांचे आठ एपिसोड एका डिस्कवर धरले तरी पावणेचारशे डिस्क होतात, त्या ठेवायला कपाट लागेल आणि बघायला निवृत्ती. मराठीत डिस्कवर चांगली खपली ती नाटकं, तीन अंक, दोन डिस्क, काम फत्ते.

दूरदर्शनच्या जुन्या हिंदी मालिकांचं तसं नाही, त्यांना शेवट होता. 'रामायण' ७८ एपिसोड, 'महाभारत' ९४, 'भारत एक खोज' ५३. यांचे जाडजूड सेट निघाले आणि पंचवटीतल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांना भेट म्हणून गेले. सकाळी देवपूजा झाली की एक एपिसोड, हे वेळापत्रक डिस्कवरही पाळलं जायचं, सलग बघणं हा त्यांचा प्रकार नव्हता. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं रामायण परत लावलं तेव्हा कपाटात सेट असलेली घरंही ठरलेल्या वेळी टीव्हीपुढे बसली, जाहिरातींसकट. सगळं गाव एकाच वेळी बघतंय ही गोष्ट डिस्कमध्ये मिळत नाही.

जपणूक आणि आता

डिस्क पुसताना गोल गोल पुसायची नाही, मधून कडेकडे सरळ पुसायची. डेटा आतून बाहेर गोल वळणानं लिहिलेला असतो, त्यामुळे आडवा ओरखडा थोडा थोडा डेटा खातो आणि प्लेयर तो हिशोबानं भरून काढतो, वळणाच्या दिशेनं गेलेला ओरखडा सलग तुकडा खातो आणि तिथे एपिसोड अडकतो. टूथपेस्ट लावायचा उपाय अगदीच थोतांड नाही, पेस्टमधल्या बारीक पावडरीनं प्लास्टिक घासलं जाऊन उथळ ओरखडा जातो, पण जोरात घासलं तर नवे पडतात. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि डेटा त्यांच्या मधे असतो, सीडीसारखा लेबलाखाली उघडा पडलेला नसतो, म्हणून लेबलावरचा ओरखडा डीव्हीडीला तितका बाधत नाही.

जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि गाळे एकेक करून मोबाईल रिपेअरिंगचे झाले. नेटफ्लिक्सची स्वतःची सुरुवातही पोस्टानं डीव्हीडी पाठवण्यापासूनच झालेली, अमेरिकेतलं ते काम त्यांनी सप्टेंबर २०२३ ला बंद केलं. खराब डिस्क शेतकऱ्यांनी नेल्या, पाखरं हाकलायला दोरीला बांधून शेतात चकाकत ठेवायला, काही गणपतीच्या आरासेत गेल्या.

जुने डबे अजून मिळतात, रद्दीवाल्याकडे किंवा ऑनलाइन. घेताना डबा उघडून डिस्क मोजायच्या, आणि नंबरही बघायचे, सहाच्या डब्यात दोन चौथ्या आणि पाचवी नाहीच असं असू शकतं. मधल्या भोकाभोवती केसासारखी चीर आहे का ते उजेडात धरून बघायचं, ती पसरते आणि वेगात फिरताना डिस्क आत फुटू शकते. प्लेयर नसेल तर ब्लू-रे प्लेयरवर डीव्हीडी चालते, किंवा लॅपटॉपला यूएसबी ड्राइव्ह जोडायचा, फक्त ड्राइव्हचा रिजन पाचदाच बदलता येतो आणि पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा, तेव्हा काकांच्या अमेरिकन डब्यासाठी तो वाया घालवण्याआधी त्या डब्यातली सहावी डिस्क जागेवर आहे ना ते बघा.