रोझ बोल सामना, १९०२
अमेरिकन फुटबॉलमधील पहिला ‘बोल’ सामना. १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे मिशिगन आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांच्या संघांत तो झाला व मिशिगनने ४९–० असा जिंकला. विद्यापीठांचा नियमित हंगाम आटोपल्यावर ठरलेल्या स्थळी निमंत्रित संघांत होणाऱ्या सामन्याला बोल म्हणतात. पॅसाडिनात १८९० पासून नववर्षदिनी फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघे. तिला गर्दी व्हावी आणि उत्सवाला चार पैसे मिळावेत, या हेतूने आयोजकांनी फुटबॉलची जोड दिली.

या सामन्याच्या पहिलेपणाबद्दल मतभेद आहेत. १८९४ च्या नाताळात ॲमॉस अलोन्झो स्टॅग यांचा शिकागो विद्यापीठाचा संघ सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्डशी खेळला होता. १८९९ च्या नाताळात पूर्वेकडील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल येथील आदिवासी मुलांच्या शाळेच्या संघाने त्याच शहरात कॅलिफोर्निया विद्यापीठाला २–० असे हरवले. पूर्वेचा संघ, पश्चिमेचा संघ आणि हंगामानंतरची तारीख ही तिन्ही लक्षणे तेथे आढळतात. म्हणून काही अभ्यासक बोलचा आरंभ मागे नेतात. मात्र ते पाहुण्या संघांच्या दौऱ्यांतले सामने होते, त्यांमागे एखादा उत्सव किंवा कायमची आयोजक संस्था नव्हती. सातत्याचा निकष लावला तर १९०२ चा सामनाही अडचणीत येतो. १९०३ मध्ये पॅसाडिनात फुटबॉलऐवजी पोलो झाला, १९०४ पासून रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती सुरू झाल्या आणि फुटबॉल परतला तो थेट १९१६ मध्ये. तरीही संस्था तीच, शहर तेच आणि दिवसही तोच राहिला. त्यामुळे गणना १९०२ पासून करणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘रोझ बोल’ हे नाव मात्र त्या काळी नव्हते; ते आले १९२२ मध्ये बांधलेल्या स्टेडियमबरोबर. येल विद्यापीठाच्या वाडग्यासारख्या मैदानाचा आदर्श या स्टेडियमपुढे होता (‘बोल’ म्हणजे वाडगा). १९०२ चा सामना ‘टूर्नामेंट पार्क’ या साध्या मैदानावर झाला. तेथे सुमारे १,००० जणांची बसण्याची सोय होती. आले मात्र ८,००० च्या आसपास.

मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट हे आदल्या वर्षी, १९०० मध्ये, स्टॅनफर्डचेच प्रशिक्षक होते. प्रशिक्षक माजी विद्यार्थीच हवा, असे तेथे ठरल्याने त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी आलेले चार्ल्स फिकर्ट पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे सरकारी वकील म्हणून कामगार नेते टॉम मूनी यांच्यावरील बाँबस्फोट खटल्यात गाजले. पॅसाडिनात येण्यापूर्वी मिशिगनने हंगामातील दहा सामन्यांत ५०१ गुण केले होते आणि एकही गुण दिला नव्हता.

त्या वेळचे नियम आजच्याहून बरेच वेगळे होते. चेंडू पुढच्या दिशेने फेकण्याची मुभा १९०६ मध्ये मिळाली. तोवर चेंडू घेऊन धावणे आणि लाथाडणे हेच मार्ग होते. पाच यार्ड जागा मिळवण्यासाठी तीन प्रयत्न असत. टचडाउनला (चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला) पाच, त्यानंतरच्या यशस्वी किकला एक आणि मैदानी गोलला (खेळ चालू असताना चेंडू लाथेने गोलखांबांमधून धाडण्याला) पाच गुण मिळत. मिशिगनचे ४९ गुण असे भरतात : आठ टचडाउनचे ४०, चार किकचे ४ आणि एका मैदानी गोलचे ५. आठपैकी पाच टचडाउन एकट्या नील स्नोचे. मध्यंतराला १७–० अशी स्थिती होती. मिशिगनचे तेच अकरा खेळाडू अखेरपर्यंत खेळले, एकही बदली घेतला नाही. स्टॅनफर्डची मात्र दुखापतींनी दैना झाली. रूझवेल्ट नावाचा त्यांचा गार्ड (आघाडीच्या फळीतला खेळाडू) पाय मोडलेला असतानाही काही काळ खेळत राहिला, असे सांगतात. आठ मिनिटे उरली असताना स्टॅनफर्डचे कर्णधार राल्फ फिशर यांनी सामना थांबवण्याची विनंती केली व मिशिगनचे कर्णधार ह्यू व्हाइट यांनी ती मान्य केली. गुणफलक पाहून स्टॅनफर्डच्या जिद्दीवर शंका घेणे अन्यायाचे होईल.

मिशिगनचा संघ पॅसाडिनात पुन्हा खेळला तो १ जानेवारी १९४८ रोजी, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध. तेव्हाही निकाल ४९–० असाच लागला. १९१२ पासून टचडाउनला सहा गुण झाले होते. त्यामुळे या वेळी सात टचडाउन आणि सात किक पुरेशा झाल्या.